स्पॅनिश शब्दात जोर कुठे द्यायचा, हे स्पेलिंगच सांगतं

टेनिसपटू कार्लोस अल्कारासचं आडनाव आपल्याकडे दोन-तीन तऱ्हांनी ऐकू येतं. कुणी ‘अल्’वर जोर देतं, कुणी ‘का’वर, आणि शेवटाचा तर सर्रास ‘राझ’ होतो. स्पॅनिश माणूस ते आल्-का-(रास्) असं म्हणतो, जोर शेवटावर देऊन. स्पेनच्या बऱ्याचशा भागात तो शेवटचा ‘स’ जिभेचं टोक दातांत आणून, ‘थ’कडे झुकवून उच्चारतात. हे नाव त्याने आयुष्यात पहिल्यांदा वाचलं असलं तरी तो अडत नाही. आडनाव झेड या अक्षरावर संपतं आणि कुठल्याही स्वरावर तिरकी रेघ नाही, एवढ्यावरून जोर शेवटच्या तुकड्यावर आहे हे त्याला कळतं.

स्पॅनिशची ही सोय इंग्रजीत नाही. इंग्रजीत शब्द ऐकल्याशिवाय किंवा शब्दकोश उघडल्याशिवाय जोराची खात्री देता येत नाही. स्पॅनिशमध्ये डोळ्यांनी वाचलेला जवळजवळ प्रत्येक शब्द तोंडाने बरोबर म्हणता येतो. त्यासाठी दोन कामं करायची: आधी शब्दाचे तुकडे, म्हणजे सिलेबल पाडायचे, मग जोराचा नियम लावायचा. शिकवताना बहुतेक वेळा दुसऱ्या कामावर भर दिला जातो. माझ्या मते खरी मेख पहिल्यात आहे. तुकडे चुकले की नियम तोंडपाठ असूनही जोर भलतीकडे जातो.

पुढे जाण्याआधी या लेखातल्या खुणा सांगतो. जोराचा तुकडा कंसात आहे. स्पॅनिशमध्ये ऱ्हस्व-दीर्घ नसल्यामुळे इ आणि उ सगळीकडे ऱ्हस्वच लिहिले आहेत. ‘आ’ मात्र दिसायला दीर्घ असला तरी त्याला तसाच एकसारखा, आटोपशीर म्हणायचं. स्पॅनिशमध्ये व्ही आणि बी या अक्षरांचा उच्चार एकच, म्हणून दोन्हींसाठी ‘ब’. एच हे अक्षर मुकं असतं, ते उच्चारात धरायचंच नाही. ‘स’ लॅटिन अमेरिकेतला घेतला आहे.

आपल्याला जोर ऐकू येणं जरा अवघड जातं, कारण मराठीत तो अर्थ बदलत नाही. आपल्याकडे ‘दिन’ आणि ‘दीन’ वेगळे पडतात ते स्वराच्या लांबीमुळे. म्हणून मराठी माणूस स्पॅनिश जोर द्यायला गेला की स्वर ताणतो. स्पॅनिश जोरात आवाज थोडा चढतो, तुकडा ठसठशीत होतो, किंचित लांबतोही. पण नुसतं ताणून भागत नाही. आणि तेवढा फरक तिथे बराच अनर्थ करू शकतो. (आ)-ब्लो म्हणजे मी बोलतो. आ-(ब्लो) म्हणजे तो बोलला. (पा)-पा म्हणजे लॅटिन अमेरिकेत बटाटा, आणि पोपलाही तोच शब्द; पा-(पा) म्हणजे बाबा. एका शब्दाला तर तीन रूपं आहेत: (तेर्)-मि-नो म्हणजे शेवट किंवा संज्ञा, तेर्-(मि)-नो म्हणजे मी संपवतो, तेर्-मि-(नो) म्हणजे त्याने संपवलं. अक्षरं तीच, क्रम तोच.

स्वरांची यण् संधी

तुकडा पाडायचा तो स्वराभोवती. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. त्यांतले आ, ए, ओ हे बळकट आणि इ, उ हे दुबळे असं व्याकरणात मानतात. दोन बळकट स्वर शेजारी आले तर कुणीच माघार घेत नाही, दोघांचे दोन तुकडे होतात: ते-(आ)-त्रो म्हणजे नाट्यगृह, पो-(ए)-ता म्हणजे कवी, मु-(से)-ओ म्हणजे संग्रहालय. दुबळा स्वर मात्र शेजाऱ्याला चिकटतो आणि दोघांचा मिळून एकच तुकडा होतो.

शाळेत संधी शिकलेल्या माणसाला हे नवीन नाही. इति आणि आदी मिळून इत्यादी, सु आणि आगत मिळून स्वागत. इ चा य झाला, उ चा व झाला; हीच यण् संधी. स्पॅनिशमधले दुबळे स्वर म्हणजे नेमके हेच दोन, ज्यांना य आणि व होता येतं. म्हणून देवनागरीत हे जोड फार सहज लिहिले जातात: या, ये, यो, वा, वे, आणि दुबळा स्वर मागे असला तर आय, एय, आव. दोन्ही दुबळे असले तरी तुकडा एकच: स्यु-(दाद्) म्हणजे शहर. माझं तर म्हणणं असं की या प्रकरणापुरती स्पॅनिश शिकायला रोमनपेक्षा आपली लिपी सोयीची आहे. रोमनमध्ये आय आणि ए ही अक्षरं वेगवेगळी उभी दिसतात, त्यामुळे विद्यार्थी दोन तुकडे करून मोकळा होतो. आपण ‘या’ लिहिलं की प्रश्नच मिटतो.

पण मग तोच माणूस धन्यवाद म्हणताना ‘ग्रा-सि-यास’ म्हणतो. तो शब्द दोनच तुकड्यांचा आहे: (ग्रा)-स्यास्. इतिहास किंवा गोष्ट या अर्थाचा शब्द इस्-(तो)-ऱ्या. इथे ‘र्या’ नव्हे, ‘ऱ्या’ हवा. समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ आपण दर्-या असा तोडतो आणि डोंगरांमधल्या ‘दऱ्या’ द-ऱ्या अशा. तो चंद्रकोरीसारखा अर्धा र आपल्याकडे हेच सांगतो की मागच्या अक्षरावर आघात येऊ देऊ नका, र पुढच्या स्वराचा आहे. स्पॅनिशचा र तिथे तसाच पुढे जातो. आता कुणी हा शब्द इस्-तो-रि-या असा चार तुकड्यांत तोडला तर शेवटून दुसरा तुकडा ‘रि’ ठरेल आणि पुढे सांगितलेल्या नियमाप्रमाणे जोर तिथे पडेल. नियम बरोबर लावून उच्चार चुकला, तो असा.

मधे मुका एच आला म्हणूनही जोड तुटत नाही. मनाई करणे या अर्थाचं क्रियापद लिहिताना ओ आणि इ यांच्यामध्ये एच आहे, तरी तुकडे दोनच: प्रोय्-(बिर्). उलट आल्-को-(ओल्) मध्ये एचच्या दोन्ही बाजूंना बळकट ओ आहेत, म्हणून तीन. तीन स्वरांचाही एक तुकडा होऊ शकतो, मधला बळकट आणि दोन्हीकडे दुबळे असतील तर: उ-रु-(ग्वाय्), पा-रा-(ग्वाय्).

व्यंजनं कुणाकडे जातात

हा भाग त्यामानाने सरळ आहे. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराचं: (का)-सा. दोन असतील तर एक मागे, एक पुढे: (कार्)-ता, सा-ला-(मान्)-का. आपण गण पाडताना ‘सत्य’ मधला ‘स’ गुरू धरतो तो याच कारणाने. जोडाक्षरातला पहिला त् मागे टेकतो.

अपवाद एवढाच की दुसरं व्यंजन र किंवा ल असेल आणि त्याच्या आधी प, ब, फ, क, ग यांपैकी काही असेल, किंवा त, द नंतर र असेल, तर ती जोडी फुटत नाही. सगळी पुढे जाते: (पा)-द्रे, (लि)-ब्रो, आ-(ब्लार्). इथे मराठी जिभेची एक खोड आड येते. आपण ‘पत्र’ म्हणताना खरं तर ‘पत्-त्र’ म्हणतो, ‘पुत्र’चं ‘पुत्-त्र’ करतो. तीच सवय स्पॅनिशमध्ये नेली की पुस्तकाचा ‘लिब्-ब्रो’ होतो. आधीचा तुकडा उघडा ठेवायचा: लि, मग ब्रो.

त आणि ल यांच्या जोडीवर खुद्द स्पॅनिश भाषकांचंच एकमत नाही. स्पेनच्या मोठ्या भागात खेळाडूला आत्-(ले)-ता म्हणतात, मेक्सिकोत आ-(त्ले)-ता. मेक्सिकोत नाव्हात्ल भाषेतून आलेले कितीतरी शब्द आणि गावांची नावं ‘त्ल’ने भरलेली आहेत, तिथल्या जिभेला ही जोडी फोडायचं कारण वाटत नाही. दोन्ही प्रकार ग्राह्य धरले जातात.

व्यंजनांची रांग लांबली तर सहसा शेवटचं एक, किंवा न फुटणारी जोडी, पुढे जाते आणि उरलेली मागे राहतात: इन्स्-(तान्)-ते, ओब्स्-(ता)-कु-लो, त्रान्स्-क्रिप्-(स्योन्). स आणि व्यंजन अशी जोडी मात्र तुकड्याच्या सुरुवातीला कधीच येत नाही. म्हणून शाळा एस्-(क्वे)-ला होते आणि भाषेचं नावही एस्-पा-(ञोल्).

रोमन लिपीत दोन अक्षरांनी लिहिले जाणारे च, य आणि कडक र हे उच्चारात एकेकच आहेत, तेही फोडत नाहीत: मु-(चा)-चो, से-(बि)-या, (पे)-रो. यांतल्या पहिल्या दोघांचा मान तर इतका होता की 1994 पर्यंत शब्दकोशात त्यांचे स्वतंत्र विभाग असायचे.

जोराचा नियम, आणि न-सची भानगड

शब्द स्वरावर, न वर किंवा स वर संपत असेल तर जोर उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या तुकड्यावर. बाकी कुठल्याही व्यंजनावर संपत असेल तर शेवटच्या तुकड्यावर. जो शब्द हे मोडतो, त्याच्या जोराच्या स्वरावर तिरकी रेघ द्यायची. या रेघेला स्पॅनिशमध्ये तिल्दे म्हणतात. एवढंच.

नियम ऐकल्यावर पहिला प्रश्न पडायला हवा की न आणि स यांचे एवढे लाड का. उत्तर भाषेच्या रोजच्या कामात आहे. नामाचं अनेकवचन स लावून होतं: (का)-सा, (का)-सास्. क्रियापदाचं अनेकवचन न लावून होतं: (आ)-ब्ला म्हणजे तो बोलतो, (आ)-ब्लान् म्हणजे ते बोलतात. प्रत्यय लागला म्हणून जोर हलत नाही. न आणि स यांना इतर व्यंजनांसारखंच वागवलं असतं, तर भाषेतल्या असंख्य अनेकवचनांवर रेघा माराव्या लागल्या असत्या. नियम करणाऱ्यांनी हिशेब असा मांडला की सर्वांत जास्त शब्दांना रेघ लागू नये.

नकाशा घेऊन बसलं तर सराव झकास होतो. बार्-से-(लो)-ना, तो-(ले)-दो, बा-(लेन्)-स्या: स्वरावर संपतात, उपान्त्य जोर, रेघ नाही. का-(रा)-कास्: स वर संपतं, तरी उपान्त्यच. मा-(द्रिद्), सान्-तान्-(देर्), ए-क्वा-(दोर्): इतर व्यंजनं, जोर शेवटावर, रेघ नाही. आता नियम मोडणारे. बो-गो-(ता), पा-ना-(मा), पे-(रु) स्वरावर संपूनही शेवटावर जोर घेतात, म्हणून रेघ. (का)-दिस् हे बंदर लिहिताना झेडवर संपतं, म्हणजे जोर शेवटावर पडायला हवा होता. तो पहिल्यावर आहे, म्हणून रेघ. (कोर्)-दो-बा, (मा)-ला-गा, (मे)-हि-को यांचा जोर शेवटून तिसऱ्यावर आहे. मूळ नियमात तिसऱ्याची सोयच नाही, त्यामुळे अशा प्रत्येक शब्दावर न चुकता रेघ येते. पॅराग्वे आणि उरुग्वे यांना मात्र रेघ नाही: शेवटचं वाय हे अक्षर लिहिण्यात व्यंजन धरलं जातं.

आपण ज्याला कोलंबस म्हणतो त्याचं स्पॅनिश नाव क्रिस्-(तो)-बाल् को-(लोन्). दोन्ही शब्दांवर रेघ आहे आणि कारणं उलटी आहेत. पहिला ल वर संपून उपान्त्यावर जोर घेतो, दुसरा न वर संपून शेवटावर.

रेघेचं हे तर्कशास्त्र गोव्यातल्या आडनावांत चांगलं दिसतं. रॉड्रिग्ज, फर्नांडिस, गोम्स, लोपीस ही पोर्तुगीजांकडून आलेली आडनावं. त्यांची स्पॅनिश भावंडं रो-(द्रि)-गेस्, फेर्-(नान्)-देस्, (गो)-मेस्, (लो)-पेस्. मूळ एकच, रोद्रिगोचा मुलगा, फर्नांदोचा मुलगा अशा अर्थाची. जोरही त्याच तुकड्यावर. पण पोर्तुगीज लेखनात ही आडनावं एसवर संपतात, तिथे उपान्त्य जोर आपोआप येतो, म्हणून रेघ नाही. स्पॅनिशमध्ये ती झेडवर संपतात, तिथे आपोआप येणारा जोर शेवटावर पडला असता, म्हणून प्रत्येकावर रेघ द्यावी लागते. अल्कारासवर ती नाही, म्हणूनच त्याचा जोर शेवटावर.

रेघ जोडही तोडते

दुबळा स्वर शेजाऱ्याला चिकटतो, हे खरं. पण जोर त्याच्यावरच पडला आणि शेजारी बळकट असला तर तो चिकटत नाही. अशा वेळी त्याच्यावर नेहमी रेघ देतात. ती रेघ वाचकाला सांगते की इथे य-व करू नका, वेगळा तुकडा पाडा: मा-(रि)-आ, पा-(इस्), रा-(उल्). गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्या नावात हा खेळ पूर्ण आहे. गा-(ब्र्येल्): जोड, ल वर शेवट, रेघ नाही. गार्-(सि)-आ: जोड तुटला, रेघ. (मार्)-केस्: झेडवर शेवट आणि जोर उपान्त्यावर, रेघ. आपण ‘गार्सिया’ लिहितो त्यात वाचणारा ‘गार्-स्या’ म्हणून टाकतो, ते बरोबर नाही.

(आ)-स्या म्हणजे च्या दिशेने. आ-(सि)-आ म्हणजे तो करत असे. लेखनात फरक एका रेघेचा, उच्चारात एक अख्खा तुकडा वाढतो. आणि हे त्रिकूट पाहा: कोन्-(ति)-न्वो म्हणजे अखंड, कोन्-ति-(नु)-ओ म्हणजे मी चालू ठेवतो, कोन्-ति-(न्वो) म्हणजे त्याने चालू ठेवलं. तिसऱ्यात रेघ बळकट ओ वर आहे, तिने जोड तुटत नाही. दुसऱ्यात ती उ वर आहे, म्हणून तुटतो. रेघ आहे की नाही एवढं पाहून चालत नाही. ती कुठल्या स्वरावर आहे, तेही पाहावं लागतं.

शब्द वाढला की रेघ येते किंवा जाते, आणि नवशिका इथे वैतागतो. (हो)-बेन् म्हणजे तरुण, रेघ नाही. अनेकवचन (हो)-बे-नेस्, रेघ आली. कान्-(स्योन्) म्हणजे गाणं, रेघ आहे. कान्-(स्यो)-नेस्, रेघ गेली. जोर जागचा हललेला नाही. मागे एक तुकडा वाढल्यामुळे शेवटाकडून मोजलेला क्रमांक बदलला, इतकंच. जोर स्वतःच पुढे सरकतो असे शब्द मोजके आहेत: (रे)-हि-मेन् चं अनेकवचन रे-(हि)-मे-नेस्, का-(राक्)-तेर् चं का-राक्-(ते)-रेस्.

क्रियापदाला सर्वनामं चिकटतात तेव्हाही हेच. (कोम्)-प्रा म्हणजे विकत घे. (कोम्)-प्रा-मे म्हणजे माझ्यासाठी विकत घे. (कोम्)-प्रा-मे-लो म्हणजे ते माझ्यासाठी विकत घे. जोर ‘कोम्’वरच ठाम, शेपूट वाढत जाते, म्हणून दुसऱ्यापासून रेघ लागते. अर्जेंटिनात मात्र आज्ञार्थ कोम्-(प्रा) असा असतो, त्यामुळे तिथे कोम्-(प्रा)-मे होतं आणि रेघ लागत नाही. एका रेघेच्या असण्यानसण्यावरून लिहिणारा ब्वेनोस आयरेसचा की माद्रिदचा, याचा अंदाज बांधता येतो.

एका तुकड्याच्या शब्दात जोर कुठे हा प्रश्नच नाही, तरी काहींवर रेघ दिसते. ती फक्त जुळे ओळखण्यासाठी: ‘तु’ म्हणजे तुझा, रेघेसह म्हणजे तू, ‘सि’ म्हणजे जर, रेघेसह म्हणजे होय, ‘ते’ म्हणजे तुला, रेघेसह म्हणजे चहा. उच्चारात खास फरक नाही.

असल्याच एका रेघेवरून बरंच रण माजलं होतं. (सो)-लो म्हणजे एकटा, आणि फक्त असाही अर्थ. ‘फक्त’ असेल तेव्हा रेघ द्यायची जुनी रीत होती. स्पॅनिशची अकादमी माद्रिदमध्ये 1713 साली स्थापन झालेली. तिने 2010 च्या लेखन-नियमांत सांगितलं की हा शब्द नियमानुसारच उच्चारला जातो, रेघेची गरज नाही. अनेक लेखकांनी ते मानलं नाही, अकादमीच्या काही सदस्यांनीसुद्धा. ‘मी रविवारी एकटा काम करतो’ आणि ‘मी फक्त रविवारी काम करतो’ ही दोन वाक्यं स्पॅनिशमध्ये सारखी दिसू शकतात, हा त्यांचा मुद्दा होता. 2023 मध्ये अकादमीने नियमाची शब्दरचना बदलली: घोटाळा होईल असं लिहिणाऱ्याला वाटलं तर त्याला हवी असल्यास रेघ देता येते. शुद्ध तर्काने पाहिलं तर अकादमीचं 2010 चं म्हणणंच बरोबर वाटतं; पण लोकांचा जीव जडलेल्या रेघेपुढे तर्क किती टिकणार!

शेवटी एक सावधानता. वर पाडलेले तुकडे सुट्या शब्दांचे आहेत. वाक्य बोलताना एका शब्दाचा शेवटचा स्वर पुढच्या शब्दाच्या पहिल्या स्वरात मिसळतो, याला सिनालेफा म्हणतात. ‘माझा मित्र स्पॅनिश बोलतो’ हे वाक्य सुटं मोजलं तर नऊ तुकड्यांचं: मि, आ-मि-गो, आ-ब्ला, एस्-पा-ञोल्. बोलताना ते सहाच होतात: म्या-मि-ग्वा-ब्लाएस्-पा-ञोल्. मि आणि आ यांचा ‘म्या’ झाला, इथेही यण् संधीच. शब्दांमध्ये मात्र ओ आणि आ हे दोन बळकट स्वरही एकत्र नांदतात, एका शब्दात ते ज्याला तयार नसतात. अभंगासारखीच स्पॅनिश कविताही तुकड्यांची संख्या मोजून बांधतात, आणि मोजतात ते हे असे जुळलेले तुकडे. वर ओळीचा शेवटचा शब्द शेवटच्या तुकड्यावर जोर घेणारा असेल तर मोजणीत एक मिळवतात, शेवटून तिसऱ्यावर घेणारा असेल तर एक वजा करतात. म्हणून हेच वाक्य कवितेची ओळ म्हणून आलं, तर ते सात तुकड्यांचं धरलं जाईल.